हात धुणारा संपादक

न्यूयॉर्क शहरातील सायंदैनिकांची विक्री ज्या काळी रस्त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर उभ्या राहणाऱ्या पोरांच्या गळ्याच्या ताकदीवर चालत असे, त्या काळी एकाच दिवसात एकाच पत्राच्या अनेक आवृत्त्या निघत. दुपारच्या अंकातील बातमी सायंकाळी शिळी होई, आणि आपण विकत घेतो तो माल ताजा की शिळा हे गिऱ्हाइकाला एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून पत्राच्या शिरोभागी ताऱ्यांच्या खुणा छापण्याचा प्रघात त्या शहरात पडला होता. तारे जितके अधिक, तितकी आवृत्ती मागाहूनची. पाच तारे म्हणजे त्या दिवसापुरता शेवटचा शब्द. त्यानंतर छापखान्याची यंत्रे थांबत, आणि जे छापले गेले ते परत घेण्याची सोय त्या रात्रीपुरती तरी कोणालाच उरत नसे. मर्व्हिन लरॉय यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि सप्टेंबर १९३१ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘फाइव्ह स्टार फायनल’ या अमेरिकन बोलपटाचे नाव या खुणेवरून आलेले आहे, आणि त्या नावात जी अपरिवर्तनीयता सूचित होते तीच त्या बोलपटाची शोकात्म वस्तू आहे.

या बोलपटाचा नायक जोसेफ रँडल हा ‘इव्हिनिंग गॅझेट’ नावाच्या काल्पनिक पत्राचा संपादक. त्याला एक सवय जडलेली आहे: तो पुनःपुन्हा हात धुतो. कचेरीतील नळाखाली साबणाने तळवे आणि बोटे घासणाऱ्या या माणसाला पाहून, शाईत वावरणाऱ्याला हात धुवावेच लागतात, असे क्षणभर वाटते. परंतु शाई लागते ती जुळाऱ्याच्या आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या हाताला, संपादकाचे हात तर कोरडेच असतात. हा कोणता मळ तो काढू पाहतो आहे, याचे उत्तर कथानक उलगडत जाते तसे मिळते. येशूला वधस्तंभाकडे पाठवताना लोकसमुदायासमोर हात धुणारा रोमन सुभेदार पिलात त्या काळच्या अमेरिकन प्रेक्षकाच्या स्मरणात बालपणापासून असे, त्यामुळे या कृतीचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. मात्र तो मळ एका माणसाच्या हातावर एका दिवसात साचलेला नव्हता. त्यामागे एका धंद्याचा शंभर वर्षांचा इतिहास होता, आणि तो ध्यानात घेतल्यावाचून या बोलपटाचे मोल कळणार नाही.

१८३३ साली बेंजामिन डे या मुद्रकाने न्यूयॉर्कमध्ये ‘सन’ हे पत्र काढून त्याची किंमत एक सेंट ठेवली, तेव्हा इतर पत्रे सहा सेंटांना विकली जात आणि त्यांचा वाचकवर्ग व्यापारी, जहाजमालक व राजकारणी यांच्यापुरता मर्यादित होता. एका सेंटात पत्र द्यायचे तर ते हजारोंनी खपले पाहिजे, आणि हजारोंनी खपायचे तर हमाल, मोलकरीण, कारागीर यांना त्यात काही गोडी वाटली पाहिजे. म्हणून डे याने पोलिस कोर्टातील दैनंदिन हकिकती छापण्यास आरंभ केला. यात वाईट काहीच नव्हते. ज्या सामान्य माणसाचे नाव तोवर कोणत्याही पत्रात आले नव्हते त्याचे सुखदुःख प्रथमच छापील अक्षरांत उतरले, ही लोकशाहीची एक पायरीच म्हटली पाहिजे. परंतु त्या पायरीशेजारीच एक निसरडी जागा होती. १८३५ मध्ये ‘हेरल्ड’ सुरू करणाऱ्या जेम्स गॉर्डन बेनेट याने पुढल्याच वर्षी, शहरातील एका तरुण वेश्येचा खून झाला असता, स्वतः तिच्या खोलीत जाऊन त्या मृतदेहाचे वर्णन वाचकांपुढे मांडले, आणि त्या खटल्याने आपल्या पत्राचा खप कसा वाढतो हे डोळे भरून पाहिले. दुसऱ्याच्या मृत्यूची बातमी ही विक्रीयोग्य वस्तू आहे, हा शोध अमेरिकन वृत्तपत्रसृष्टीला तेव्हा लागला.

पुढे १८८३ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी ‘वर्ल्ड’ विकत घेतले आणि १८९५ मध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी ‘जर्नल’ हाती घेतले, आणि त्या दोघांच्या चढाओढीतून जे भडक, आरोळी ठोकणारे वृत्तपत्र जन्मास आले त्याला, दोन्ही पत्रांत झळकणाऱ्या पिवळ्या अंगरख्याच्या एका व्यंगचित्रातील पोरावरून, ‘पीत पत्रकारिता’ हे नाव पडले. पुलित्झर यांना उत्तरायुष्यात त्या चढाओढीचा उबग आला असावा. त्यांच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेची शाळा १९१२ मध्ये उघडली आणि १९१७ पासून त्यांच्या नावाची पारितोषिके दिली जाऊ लागली. त्यांचे ‘वर्ल्ड’ पत्रही काळाच्या ओघात भारदस्त व निर्भीड बनले. पण त्या पत्राचा शेवटचा अंक निघाला २७ फेब्रुवारी १९३१ रोजी, म्हणजे आपला हा बोलपट पडद्यावर येण्यापूर्वी अवघे सात महिने आधी.

भारदस्त पत्र मावळत होते त्या वेळी बाजारात कोणाची चलती होती? ‘टॅब्लॉइड’ हा शब्द मुळात वैद्यकातला. बरोज वेलकम या औषधी कंपनीने १८८४ मध्ये आपल्या दाबून लहान केलेल्या गोळ्यांसाठी तो व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला होता, आणि नंतर जे जे आकाराने आटोपशीर व गिळावयास सोपे त्याला तो लावला जाऊ लागला. नेहमीच्या पत्राच्या निम्म्या आकाराचे, पुढे मोठ्या छायाचित्रांनी भरू लागलेले असे ‘डेली मिरर’ पत्र लंडनमध्ये लॉर्ड नॉर्थक्लिफ यांनी १९०३ मध्ये काढले होते. त्यांच्याशी झालेल्या संभाषणातून स्फूर्ती घेऊन जोसेफ मेडिल पॅटरसन यांनी २६ जून १९१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘डेली न्यूज’ सुरू केले. भुयारी रेल्वेच्या गर्दीत एका हाताने आधाराचा पट्टा धरून दुसऱ्या हाताने वाचता येणारे हे पत्र भराभर खपू लागले, तेव्हा इतर भांडवलदारांना स्वस्थ बसवेना. १९२४ मध्ये हर्स्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये आपले ‘डेली मिरर’ काढले, आणि त्याच वर्षी बर्नार मॅकफॅडन यांनी ‘इव्हिनिंग ग्राफिक’ काढले.

हे ‘ग्राफिक’ आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. मॅकफॅडन हे शरीरसंवर्धनाचे प्रचारक. ‘फिजिकल कल्चर’ व ‘ट्रू स्टोरी’ या मासिकांनी त्यांना द्रव्य मिळवून दिले होते, आणि सामान्य माणसाच्या कबुलीजबाबात जो रस आहे तो कल्पित कथेत नाही, हे त्यांचे व्यापारी सूत्र होते. संपादकपदी एमिल गोव्रो आले, आणि जेथे छायाचित्रकाराला प्रवेश नाही तेथली छायाचित्रे छापण्याची एक अघोरी युक्ती त्यांच्या कचेरीत निघाली. एका धनाढ्य कुळातील पुत्राने, पत्नीने आपले कृष्णवर्णीय कुळ लपवले असा आरोप करून, विवाह रद्द ठरवण्यासाठी लावलेला दावा १९२५ मध्ये सुनावणीस आला. त्या खटल्यात त्या स्त्रीला बंद दालनात पंचांपुढे अंग उघडे करून दाखवावे लागले. तिथे कॅमेरा नेण्यास मनाई होती. ‘ग्राफिक’ने कचेरीतच एका नर्तकीला उभे करून, भोवती नोकरांना वकील व न्यायाधीश म्हणून बसवून, मागाहून खऱ्या माणसांची मुखे त्या धडांवर चिकटवून तो प्रसंग ‘रचला’ आणि पहिल्या पानावर छापला. पत्राचा खप वाढला, आणि ही चिकटचित्रे ‘ग्राफिक’चे बिरुद झाली. १९२६ मध्ये रुडॉल्फ व्हॅलेंटिनो या नटाचे निधन झाल्यावर तो स्वर्गात कारुसो या गायकाला भेटतो आहे असेही एक चित्र छापून वाचकांच्या हाती देण्यात आले. ज्या स्त्रीची लाज न्यायालयाने एका बंद दालनापुरती तरी राखली होती, ती चव्हाट्यावर मांडणाऱ्या या पत्राला नगरवासीयांनी अश्लीलतासूचक टोपणनावही दिले, परंतु टोपणनाव देणारेही पत्र विकत घेतच राहिले.

प्रतिस्पर्धी ‘मिरर’चा मार्ग वेगळा होता, आणि आपल्या बोलपटातील कथेशी तो अधिक जवळचा आहे. न्यू जर्सी प्रांतात १९२२ मध्ये एक धर्मोपदेशक आणि त्याच्या भजनमंडळातील एक विवाहिता यांचे खून झाले होते. तपास निष्फळ ठरून प्रकरण दप्तरात बंद पडले होते. चार वर्षांनी, खपासाठी काहीतरी हवे म्हणून, ‘मिरर’चे संपादक फिलिप पेन यांनी ते प्रकरण उकरून काढले, नवा पुरावा सापडल्याचा गवगवा केला, आणि धर्मोपदेशकाच्या विधवेवर व तिच्या भावांवर १९२६ मध्ये खटला उभा राहिला. ज्युरीने त्यांना निर्दोष सोडले. कुटुंबाने पत्रावर अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि तो न्यायालयाबाहेर मिटवण्यात आला. परंतु त्या कुटुंबाची जी नाचक्की झाली होती ती कोणत्याही रकमेने भरून येणार नव्हती, आणि मध्यंतरीच्या काळात जे अंक खपले होते त्यांचा नफा केव्हाच जमेच्या बाजूस पडला होता. जुनी जखम पुन्हा उघडली तर तिच्यातूनही पैसा वाहतो, हा धडा सर्व टॅब्लॉइडांनी गिरवला.

या साऱ्याची परिसीमा झाली १३ जानेवारी १९२८ रोजी. आदल्या रात्री सिंग सिंग तुरुंगात पतीच्या खुनाबद्दल एका स्त्रीला विजेच्या खुर्चीत देहान्त शासन झाले. ‘डेली न्यूज’ने शिकागोहून आणवलेला टॉम हॉवर्ड हा छायाचित्रकार घोट्याला लहानसा कॅमेरा बांधून साक्षीदारांत बसला, आणि विजेचा प्रवाह तिच्या देहातून जात असता त्याने पाटलोणीचा पाय वर ओढून ते चित्र टिपले. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पानावर आले, आणि त्याच्यावर ‘मेली’ एवढ्याच अर्थाचा एका शब्दाचा मथळा होता. अमेरिकन संपादकांच्या संघाने १९२३ मध्ये स्वीकारलेल्या आचारसूत्रांत, खाजगी आयुष्यात शिरताना लोकांचा जाणण्याचा हक्क आणि लोकांचे केवळ कुतूहल यांत भेद करावा, असे स्पष्ट म्हटलेले होते. भेद सर्वांना ठाऊक होता. तो पाळण्याचे काम मात्र ज्या संपादकाच्या हाती होते त्याच्यावर मालकाची नजर होती, आणि मालकाची नजर खपाच्या आकड्यावर होती.

अशा एका संपादकाच्या खुर्चीत लुई वाइट्झेनकॉर्न यांनी काही काळ काढला. ‘वर्ल्ड’सारख्या पत्रात काम केलेला हा लेखक ‘ग्राफिक’चा संपादक झाला, तिथून बाहेर पडला, आणि बाहेर पडताच त्याने एक नाटक लिहिले. ३० डिसेंबर १९३० रोजी न्यूयॉर्कच्या कॉर्ट थिएटरात ‘फाइव्ह स्टार फायनल’ रंगभूमीवर आले आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरले. जो माणूस त्या यंत्राचा भाग राहिला होता त्याने यंत्राची रचना उघडी करून दाखवावी, यात एक प्रकारचे प्रायश्चित्त होते असे मला वाटते. बाहेरच्या टीकाकाराला जे दिसत नाही ते सारे, म्हणजे खपाच्या बैठकीतील भाषा, बातमीदाराला दिलेला गुळगुळीत हुकूम, आणि त्या हुकुमामागची लाज, या लेखकाने आतून पाहिलेले होते.

हॉलिवूडलाही त्या वेळी अशाच लेखकांची गरज होती. १९२७ नंतर मूकपट मागे पडून बोलपट आला, आणि पडद्यावरची माणसे बोलू लागताच त्यांना वेगवान, टोकदार, नगरवासी बोली पुरवणारा लेखक शोधत चित्रसंस्था न्यूयॉर्क व शिकागोच्या वृत्तपत्रकचेऱ्यांपर्यंत पोचल्या. बेन हेक्ट व चार्ल्स मॅकआर्थर या दोन माजी बातमीदारांच्या ‘फ्रंट पेज’ या १९२८ च्या नाटकावर लुइस माइलस्टोन यांनी केलेला बोलपट १९३१ मध्येच आला; त्यात पत्रकाराच्या धावपळीचे, त्याच्या बेफिकिरीचे आणि चातुर्याचे आकर्षण आहे. लरॉय यांच्या बोलपटाने त्याच धावपळीखाली चिरडल्या जाणाऱ्याकडे पाहिले. त्याच वर्षाच्या आरंभी लरॉय आणि नट एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी ‘लिटल सीझर’ या बोलपटात एका गुन्हेगाराचा उदयास्त दाखवून कीर्ती मिळवली होती. आता त्याच दिग्दर्शकाने त्याच नटाला पिस्तुलाऐवजी टेलिफोन हाती देऊन संपादकाच्या मेजापाशी बसवले, आणि रॉबर्ट लॉर्ड व बायरन मॉर्गन यांनी पटकथा लिहिली.

कथानक असे. ‘गॅझेट’चा खप उतरला आहे, कारण रँडलने गलिच्छ मजकूर कमी करून गंभीर बातम्या देण्याचा प्रयत्न चालवला होता. मालक हिंचक्लिफ याला नीतीची भाषा तोंडपाठ आहे. समाजाला धडा मिळावा या पवित्र हेतूने वीस वर्षांपूर्वीचे एक प्रकरण पुन्हा छापावे, असे तो सुचवतो. नॅन्सी व्होऱ्हीज नावाच्या तरुण लघुलेखिकेने, आपल्याला फसवून लग्नास नकार देणाऱ्या मालकाला गोळी घातली होती, आणि ज्युरीने तिला निर्दोष सोडले होते. ती आज कोठे आहे? ती मायकेल टाउनसेंड या सद्‌गृहस्थाची पत्नी आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान मिळवून आहे, आणि ज्या दिवशी ‘गॅझेट’ तिचा शोध लावते त्याच सुमारास तिची कन्या जेनी हिचा विवाह ठरलेला आहे. नॅन्सीची भूमिका फ्रान्सिस स्टार यांनी केली. पतीच्या भूमिकेत एच. बी. वॉर्नर होते, ज्यांनी चार वर्षांपूर्वी सेसिल डमिल यांच्या ‘किंग ऑफ किंग्ज’ या चित्रपटात येशू ख्रिस्ताची भूमिका केली होती आणि ज्यांच्या मुद्रेवरील सोशिकता प्रेक्षकांच्या परिचयाची होती.

हेरगिरीसाठी रँडल ज्याला पाठवतो तो आयसोपॉड हा धर्मशास्त्राच्या विद्यालयातून हाकलला गेलेला, मद्यपी, गोडबोल्या इसम; ही भूमिका बोरिस कार्लॉफ यांनी, ‘फ्रँकेन्स्टाइन’ने त्यांना जगप्रसिद्ध करण्यापूर्वी दोनच महिने आधी, प्रेक्षकांना दाखवली. पाद्र्याची गळपट्टी घालून आयसोपॉड टाउनसेंडांच्या घरी येतो. विवाह लावण्यास यावयाचा धर्मोपदेशक हाच, अशा समजुतीने ते पतिपत्नी त्याला बसवून घेतात, आपल्या भूतकाळाविषयीचे भय त्याच्यापुढे उघडे करतात, आणि परमेश्वराच्या सेवकापाशी मन मोकळे केले म्हणून त्यांना हलके वाटते. जाताना तो कन्येचे छायाचित्र घेऊन जातो. उभ्या बोलपटात एवढे निर्दय दृश्य दुसरे नाही. त्यात आवाज चढत नाही, कोणी कोणाला धमकावत नाही, एका घराचा विश्वास सौजन्यपूर्वक चोरला जातो.

अंक निघतो. नॅन्सी ‘गॅझेट’च्या कचेरीत टेलिफोन करते, आणि येथे लरॉय यांनी पडद्याचे तीन भाग केले आहेत: मध्यभागी अंधारात ती याचना करणारी स्त्री, आणि दोहो बाजूंस, तिला एकमेकांकडे टोलवणाऱ्या कचेरीतील माणसांच्या चौकटी. ती एवढेच मागते की उद्याच्या अंकात हे येऊ नये, आपल्या मुलीचे लग्न पार पडू द्यावे. तिला सांगण्यात येते की आता उशीर झाला आहे. यंत्रे फिरू लागली म्हणजे ती थांबवता येत नाहीत, हे वाक्य कारखान्याच्या दृष्टीने खरे असेलही. परंतु यंत्र सुरू करण्याचा हुकूम तर कोणीतरी माणसाने दिलेला असतो, हे त्या तीन चौकटी सांगून जातात. नॅन्सी विष घेते. पतीला तिचा देह सापडतो, आणि तेवढ्यात कन्या व भावी जावई येतात. त्यांना काही कळू नये म्हणून तो हसतमुखाने त्यांना निरोप देतो, दार लावतो, आणि पत्नीच्या वाटेने जातो. त्यानंतर खिडकीतून घरात शिरतात ते ‘गॅझेट’चेच बातमीदार, प्रेतांची छायाचित्रे घेण्याकरिता.

शेवटी जेनी पिस्तूल घेऊन कचेरीत येते आणि मालकाला व संपादकाला एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारते, की माझ्या आईला तुम्ही का मारले? मेरियन मार्श यांचा तो प्रवेश नाटकी आहे, असे कोणी म्हणेल; त्या काळच्या रंगभूमीची छाप त्यावर आहे हे खरे. पण ज्या धंद्यात मृताला कधीच प्रश्न विचारता येत नाही त्या धंद्याच्या कचेरीत मृतेच्या वतीने कोणीतरी येऊन प्रश्न विचारणे, ही गोष्टच एवढी दुर्मीळ आहे की आवाज चढला तर तो क्षम्य मानावा. मालकापाशी उत्तर नसते. रँडलपाशी असते, आणि तो ते देतो: खपासाठी. नोकरी झुगारून, हातातील टेलिफोन दाराच्या काचेतून भिरकावून तो बाहेर पडतो. त्याच्यावर मूकपणे प्रेम करणारी आणि त्याच्या कामाचा तिटकारा बाळगणारी त्याची चिटणीस मिस टेलर त्याच्याबरोबर जाते. अ‍ॅलीन मॅकमहॉन यांचे हे चित्रपटातील पदार्पण. सद्‌सद्विवेकबुद्धीला कचेरीत खुर्ची दिली असती तर ती अशीच दिसली असती. अखेरच्या दृश्यात ‘गॅझेट’चा एक अंक रस्त्याकडेच्या गटारात पडलेला दिसतो, आणि त्याच्यावर चिखल उडत असतो.

ज्या १९३१ साली हा बोलपट लोक पाहत होते त्याच साली अमेरिकेच्या न्यायासनांपुढे या प्रश्नाच्या दोन बाजू दोन खटल्यांच्या रूपाने उभ्या होत्या, आणि हा योगायोग मला अत्यंत अर्थपूर्ण वाटतो. पहिला खटला मिनेसोटा प्रांताचा. तेथे १९२५ च्या एका कायद्यान्वये, दुष्ट हेतूने बदनामी करणारे पत्र सार्वजनिक उपद्रव समजून कायमचे बंद पाडण्याचा अधिकार न्यायालयांना दिलेला होता, आणि त्यानुसार मिनिआपोलिसचे ‘सॅटरडे प्रेस’ बंद करण्यात आले. ते पत्र काही आदर्श नव्हते. अधिकाऱ्यांवरील आरोपांबरोबर ज्यूंविषयीचे विष त्यात ठासून भरलेले असे. तरीही १ जून १९३१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा मतांनी, छापण्यापूर्वीच छपाईला बंदी करणारा तो कायदा घटनाबाह्य ठरवला. चूक झाली तर मागाहून शासन करा, पण सरकारने आधीच कोणाचे तोंड बांधू नये, हा त्या निकालाचा आशय होता. 

दुसरा खटला कॅलिफोर्नियाचा, आणि त्यात प्रतिवादीच्या जागी खुद्द चित्रपटव्यवसाय उभा होता. एका तरुणीने आयुष्याच्या पूर्वभागात वेश्यावृत्तीत दिवस काढले होते, तिच्यावर खुनाचा खटला चालला होता, आणि १९१८ मध्ये ती निर्दोष सुटली होती. पुढल्या वर्षी तिने लग्न केले, नव्या नावाने संसार थाटला, आणि तिचा पूर्वेतिहास ठाऊक नसलेल्या माणसांत ती प्रतिष्ठेने राहू लागली. १९२५ मध्ये डोरोथी डेव्हनपोर्ट यांनी ‘द रेड किमोनो’ या मूकपटाची निर्मिती केली. त्यात त्या स्त्रीची कहाणी तर घेतलीच, पण तिचे माहेरचे खरे नाव जसेच्या तसे वापरले. शेजारी व स्नेही यांना सारे कळले. तिने फिर्याद केली, आणि १९३१ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय देताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या: खटल्याच्या जाहीर दप्तरात जे नमूद आहे ते कोणीही सांगू शकतो, परंतु जी स्त्री नव्याने सन्मार्गाने जगू लागली आहे तिचे खरे नाव त्या हकिकतीला जोडून तिला पुन्हा खाली ढकलण्याची मुभा कोणाला नाही, कारण सुखाचा शोध घेण्याचा हक्क प्रांताच्या घटनेने प्रत्येकाला दिलेला आहे. नॅन्सी व्होऱ्हीज ही वाइट्झेनकॉर्न यांच्या कल्पनेतून आली होती. तिची सख्खी बहीण कॅलिफोर्नियात जिवंत होती.

या दोन निकालांत विरोध आहे काय? एका व्यक्तीच्या चरित्रात त्याचे उत्तर मिळते. १८९० मध्ये हार्वर्डच्या विधिविषयक नियतकालिकात, वृत्तपत्रे सभ्यतेची मर्यादा ओलांडून गृहजीवनात शिरत आहेत अशी तक्रार करून, खाजगीपणा हा माणसाचा स्वतंत्र हक्क मानावा असे प्रतिपादन करणारा निबंध सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन तरुण वकिलांनी लिहिला. खाजगीपणाविषयीच्या सगळ्या पुढील विचाराचा तो पाया आहे. तेच ब्रँडाइस १९३१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते, आणि मिनेसोटाच्या खटल्यात त्यांनी आपले मत पत्राच्या स्वातंत्र्याच्या बाजूने टाकले. चाळीस वर्षांत त्यांचे मत पालटले, असे मी मानीत नाही. पत्राला आधीच रोखण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला तर ते प्रथम सत्याचा गळा दाबील, हे त्यांना कळत होते. आणि ज्याला सरकार रोखू शकत नाही त्याने स्वतःला रोखले पाहिजे, हे तर त्यांनी तारुण्यातच सांगून ठेवले होते. म्हणजे स्वातंत्र्य जितके विस्तृत, तितका भार संपादकाच्या दोन हातांवर अधिक. न्यायालयाचा हुकूम मागाहून येतो, नुकसानीची रक्कम मागाहून येते, पश्चात्तापही मागाहूनच येतो. यंत्र फिरण्यापूर्वीच्या त्या काही घटकांत एखाद्या अभागिनीचे नाव खोडून टाकू शकेल अशी एकच लेखणी जगात असते. रँडल ती वापरीत नाही, आणि म्हणून त्याला साबण पुरत नाही.

पुढचा वृत्तांत थोडक्यात सांगण्यासारखा आहे. उत्कृष्ट चित्रपटासाठीच्या अकादमी पारितोषिकासाठी या बोलपटाची शिफारस झाली. पारितोषिक ‘ग्रँड होटेल’ला मिळाले. ज्या ‘ग्राफिक’च्या अनुभवातून हा बोलपट जन्मास आला ते पत्र १९३२ मध्ये बंद पडले. १९३० मध्ये स्वीकारलेली पण तोवर कागदावर राहिलेली चित्रपटांची नीतिसंहिता १९३४ पासून कसोशीने अमलात आली, आणि १९३१ मध्ये जो स्पष्टपणा चालून गेला तो त्यानंतर अवघड झाला. तरी वॉर्नर बंधूंच्या चित्रसंस्थेने हीच कथा १९३६ मध्ये ‘टू अगेन्स्ट द वर्ल्ड’ या नावाने, हम्फ्री बोगार्ट यांना घेऊन, पुन्हा चित्रित केली, आणि त्या वेळी घटनास्थळ वृत्तपत्राच्या कचेरीतून उचलून रेडिओ केंद्रात नेले. केवळ पाच वर्षांत यंत्र बदलले होते. खपाच्या जागी श्रोत्यांची संख्या आली होती, आणि नॅन्सीला पूर्वीप्रमाणेच विष घ्यावे लागत होते. यानंतर किती यंत्रे बदलली, आणि आज एखाद्याचे जुने दुःख लाखोंपुढे उघडे करण्यासाठी पाचव्या ताऱ्याचीही वाट कशी पाहावी लागत नाही, हे वाचक जाणतोच. आता तर तो संपादकाचा अधिकार, आणि त्याबरोबरचा तो भार, प्रत्येकाच्या हाती येऊन पडला आहे.

हा लेख लिहिताना एक पथ्य मी पाळले आहे, आणि ते आता सांगणे योग्य होईल. पत्रांच्या मालकांची, संपादकांची, लेखकांची, न्यायमूर्तींची, नटनट्यांची नावे मी येथे दिली, कारण त्यांनी जे केले ते जगाच्या डोळ्यांसमोर केले. पण १८३६ मध्ये जिच्या मृतदेहाचे वर्णन विकले गेले ती तरुणी, बंद दालनात जिला अंग उघडे करावे लागले ती पत्नी, चार वर्षांनी जिला आरोपीच्या पिंजऱ्यात ओढले गेले ती विधवा, विजेच्या खुर्चीत जिचा अखेरचा क्षण चोरला गेला ती स्त्री, आणि कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात जिने केवळ विस्मृतीचा हक्क मागितला ती गृहिणी, यांची नावे मी लिहिलेली नाहीत. ती सर्व उपलब्ध आहेत. इतिहासाच्या ग्रंथांत आणि न्यायालयांच्या निवाड्यांत कोणालाही सापडतील, आणि ती लिहिण्यास कोणताही कायदा मला मनाई करीत नव्हता. ती लिहिण्यासाठी लेखणी उचलली होती. नंतर ती खाली ठेवली. त्या नावांवाचून या इतिहासातील एकही गोष्ट सांगावयाची राहिली, असे मला आढळले नाही.